आढ्यावरचा पाऊस

आमच्या धनजला नदीचे कौतुक फार. कारण ती थोडी असते आणि लवकर आटते. शाळेत गुरुजींनी घराचे आढे दाखवून भूगोल शिकविला होता. आढ्यावरचा पाऊस अर्धा अंगणात गळतो, अर्धा परसात, डोंगराचेही तसेच. आमच्या जिल्ह्यातली काटेपूर्णा पूर्णा-तापीच्या संगतीने पश्चिम समुद्राला जाते, तर कारंज्याकडची अडाण पैनगंगा, वर्धा, गोदावरी असे हात धरीत पूर्व समुद्राला.

पुढे लेक बेळगाव जिल्ह्यात, खानापुरास दिली आणि ते आढे पुन्हा भेटले. पहिल्याच पावसाळ्यात व्याही मला कणकुंबीला घेऊन गेले. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमाशी कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात, देगावच्या रानात, म्हादई जन्मते. ती मात्र घाट उतरून गोव्यात शिरते, मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्र गाठते. सारा प्रवास सुमारे ८० किलोमीटरांचा!

हा मुलूखही भांडणातला. १९५६ साली तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने हक्क सोडला नाही. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवालही महाराष्ट्राला पटला नाही आणि २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात पाण्याचा तंटा वेगळाच. म्हादईला मिळणाऱ्या कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे, असे कर्नाटक म्हणते. २०१८ साली लवादाने त्यासाठी ३.९ अब्ज घनफूट पाणी दिले. पण त्या निवाड्यावर तिन्ही राज्ये न्यायालयात गेली.

व्याही छत्री सावरीत म्हणाले, "पावणं, माणसांनी आखलेली हद्द आमच्या डोक्यावरून सरकली. देवानं आखलेली तेवढी राहिली होती. आता तीही सरकवायची म्हणतात."

मला होकार देता येईना. मलप्रभेच्या खाली नवलगुंद-नरगुंदकडे काळी, कोरडी जमीन आहे. तिथल्या शेतकऱ्याचा सुकलेला घसा मी ओळखतो. तो माझ्याच गावचा घसा आहे. वैशाखात विहिरीचा तळ पाहणाऱ्या माणसाने, समुद्रात जाणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवणाऱ्याला हसावे कसे? पण मांडवीतले गोडे पाणी घटले, तर भरतीचे खारे पाणी आत चढेल, ही गोव्याची भीतीही खोटी नाही. आणि घाटातले रान पाण्यावाचून कुणाकडे दाद मागणार?

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?" व्याह्यांनी विचारलेच.

"मी लेकीच्या बाजूचा," मी म्हटले. दोघेही हसलो, पण उत्तर चुकविल्याची टोचणी परतीच्या गाडीत धनजपर्यंत सोबत आली.

यंदा दिवाळीला लेक-जावई येणार आहेत. जावई येताच अडाणला पाणी किती, हे विचारतात. मी मात्र आता आधी विचारणार आहे, म्हादईला किती?