रस्ता की मोटार?

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण माणूस बहुधा दुसऱ्यासाठीच योजितो. ती आपल्यालाही लागू पडेल, अशी शंका त्याला सहसा येत नाही. फ्रान्समधील एका लहान गावच्या वृद्ध शिक्षकांना ती शंका फार उशिरा आली, आणि ती आणून दिली त्यांच्या जुन्या मोटारीने.

ही मोटार साधीसुधी नव्हती. ती होती सिट्रोएन कंपनीची ‘डी. एस.’. ही दोन अक्षरे फ्रेंच उच्चारात जोडून म्हटली, की ‘देवी’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ही देवी प्रकट झाली, आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० लोकांनी तिची मागणी नोंदविली. इतर मोटारींचा भार पोलादी स्प्रिंगांवर असे. हिचा भार वायूवर होता. स्थापत्याचे किंवा यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या पॉल माजेस या तंत्रज्ञाच्या कल्पनेतून ही रचना साकारली. प्रत्येक चाकापाशी पोलादाचा एक पोकळ गोलक, त्याच्या मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूस दाबून भरलेला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूस तेल. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले, की तेल पडद्याला रेटी, वायू आकसून तो धक्का पोटात घेई, आणि आत बसलेल्यांना त्याची वार्ताही लागत नसे.

शिक्षकांना ही मोटार वडिलांकडून मिळाली होती. दर रविवारी ते पत्नीसह शेजारच्या गावी मेहुणीकडे जात. पुढे मात्र वाटेत हादरे बसू लागले. गावच्या कारभाऱ्यांनी रस्त्यांची हेळसांड चालविली आहे, असे शिक्षकांचे ठाम मत झाले. त्यांनी नगरपालिकेला एक पत्र लिहिले, मग दुसरे लिहिले. इकडे पत्नीची पाठ दुखू लागली. तिने हळूहळू रविवारचे जाणे सोडले. बहिणीची भेट आता पत्रांतूनच होऊ लागली.

तिसरे पत्र लिहिण्यापूर्वी शिक्षक सहज एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. “मोटार पूर्वीसारखीच ताठ उभी राहते, दोष रस्त्याचाच,” असे त्यांनी त्याला सांगितले. कारागिराने वाद घातला नाही. त्याने आधी चारही टायरांतील हवा मोजली. ती बरोबर होती. मग त्याने इंजिन सुरू करविले. बसलेली गाय उठावी, तशी मोटार आधी मागची आणि मग पुढची बाजू उचलून उभी राहिली. त्याने पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून भार दिला. मोटार किंचित लवली. मागच्या कोपऱ्यावर तसाच भार दिला. ती दगडासारखी अचल राहिली.

“गोलकांतला वायू सरला आहे,” कारागीर म्हणाला.

रबर कितीही चांगले असले, तरी दाबाखालचा वायू त्यातून वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपतो. वायू कमी झाला, की धक्का झेलणारी गादीच उरत नाही. परंतु मोटारीची उंची राखणारी यंत्रणा वेगळी असते. ती उणीव तेलाने भरून काढते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास मोटार तशीच ताठ दिसते, आणि आत तिचा मृदुपणा नाहीसा झालेला असतो. शिवाय हा बदल इतका सावकाश होतो, की रोज चालविणाऱ्यास तो कळतच नाही. आठवड्यातून एकदाच बसणाऱ्यास तो आधी जाणवतो.

हे अखेरचे वाक्य ऐकून शिक्षक गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी परतताना, पत्नी म्हणाली होती की मोटार पहिल्यासारखी राहिली नाही. तेव्हा त्यांनी तिला रस्त्यातले खड्डे दाखविले होते.

कारागिराने यंत्रणेतील दाब उतरविला, जुने गोलक काढले आणि योग्य दाबाने वायू भरलेले गोलक बसविले. काम थोडक्यात आटोपले. परतताना तोच रस्ता होता, तेच खड्डे होते. मोटार मात्र पाण्यावरून नाव जावी तशी चालली होती.

घरी आल्यावर शिक्षकांनी तिसरे पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपली आधीची दोन्ही पत्रे मागे घेतली आणि झाल्या चुकीबद्दल दिलगिरी कळविली. मग ते स्वयंपाकघरात गेले. पत्नीला मात्र पत्राने भागणार नव्हते. “तुझेच खरे होते,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघेही मेहुणीकडे गेली.