व्हाइट सिटी : कुत्र्यांनी जगवलेले मैदान

लंडनच्या पश्चिमेला, शेफर्ड्स बुशजवळ १९०८ साली व्हाइट सिटी स्टेडियम उभे राहिले ते ऑलिम्पिकसाठी. त्या वर्षीचे यजमानपद खरे तर रोमकडे होते. रोमने माघार घेतली आणि लंडनची धावपळ उडाली. शेजारीच फ्रान्स-ब्रिटन प्रदर्शनासाठी पांढऱ्याशुभ्र इमारती बांधल्या जात होत्या. परिसराला नाव पडले ते त्यांच्यावरूनच. प्रदर्शनाच्या आयोजकांनीच स्टेडियमही बांधून दिले. सुमारे ६८ हजार प्रेक्षकांची सोय, धावपट्टी, तिच्याभोवती सायकलींचा मार्ग आणि मधल्या हिरवळीत चक्क १०० मीटर लांबीचा तरणतलाव, असा त्याचा थाट होता.

विंडसर कॅसलपासून या स्टेडियममधल्या शाही कक्षापर्यंत धावलेली मॅरेथॉन २६ मैल ३८५ यार्डांची भरली. पुढे १९२१ मध्ये हेच अंतर प्रमाण ठरले. जगभरचे धावपटू आज ४२.१९५ किलोमीटर धावतात, ते त्या दिवशीच्या मार्गामुळे. इटलीचा दोरान्दो पिएत्री शेवटच्या टप्प्यात इथेच पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी हात देऊन उठवले म्हणून तो पहिला येऊनही बाद झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले.

ऑलिम्पिक संपले तसे एवढ्या मोठ्या मैदानाचे करायचे काय, हा प्रश्न उरला. पुढची अनेक वर्षे ते जवळजवळ ओसच पडून होते.

त्याचा कायापालट केला तो एका यांत्रिक सशाने. ग्रेहाउंड वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. डोळ्यांपुढे काही पळताना दिसले की तो सुटतोच. अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथने याच स्वभावाचा उपयोग करून रुळावरून विजेवर पळणारा खोटा ससा तयार केला. ब्रिटनमधली अशी पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर झाली. पहिल्या रात्री जेमतेम १,७०० लोक आले. पण वर्षभरातच या खेळाचे वेड देशभर पसरले. ग्रेहाउंड रेसिंग असोसिएशनने व्हाइट सिटी ताब्यात घेतले आणि जून १९२७ मध्ये तिथे कुत्रे धावू लागले. त्याच वर्षी पहिली इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी तिथे झाली आणि ती एंट्री बॅज नावाच्या कुत्र्याने जिंकली.

या वेडामागे कुत्र्यांच्या वेगाइतकाच कायद्याचाही हात होता. घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि बहुधा शहराबाहेर होत. शर्यतीच्या मैदानाबाहेर रोखीने पैज लावणे गुन्हा होता. श्रीमंत माणूस बुकीकडे उधारीचे खाते ठेवून घरबसल्या पैज लावू शके. कामगाराच्या हाती मात्र तेवढी रोकडच. कुत्र्यांच्या शर्यती संध्याकाळी, दिव्यांच्या झगझगाटात, त्याच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होत. शर्यत अर्ध्या मिनिटात संपे आणि मग दोन शर्यतींमधल्या वेळात खरा व्यवहार चाले. बुकींच्या फळ्यांवर भाव बदलत, त्यांचे हस्तक हातवाऱ्यांनी ते एकमेकांना कळवत. चर्चमधून आणि संसदेतून ओरड झाली. त्यातली काळजी खोटी नव्हती. पण गरिबाची पैज तेवढी टोचायची, ही खोटही तीत होतीच.

याच मैदानावर मिक द मिलर हा आयरिश कुत्रा देशभर गाजला. १९२९ साली ५२५ यार्डांचे अंतर त्याने ३० सेकंदांच्या आत कापले. तोवर ते कुणाला जमले नव्हते. त्या वर्षीची आणि १९३० ची अशा दोन्ही डर्बी त्याने जिंकल्या. १९३१ च्या अंतिम शर्यतीतही तोच पुढे होता. पण वाटेत दुसऱ्या कुत्र्याने भांडण काढल्यामुळे शर्यत पुन्हा घेतली गेली आणि थकलेला मिक हरला. पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर ट्रिंगच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. बाकीच्या बहुतेक कुत्र्यांची कारकीर्द दोन-चार वर्षांची, आणि त्यानंतर त्यांचे काय होते हे विचारायला समाजाने बराच वेळ घेतला.

कुत्र्यांच्या कमाईवर मैदान तगले, म्हणूनच तिथे इतर खेळही नांदले. १९३४ च्या ब्रिटिश एम्पायर गेम्समधल्या मैदानी स्पर्धा इथेच झाल्या. क्वीन्स पार्क रेंजर्स हा फुटबॉल संघ दोनदा इथे बिऱ्हाड करून गेला. १९५४ मध्ये लंडन विरुद्ध मॉस्को सामन्यात ख्रिस चॅटवेने व्लादिमिर कुट्सला मागे टाकत ५,००० मीटरचा विश्वविक्रम केला. तरी हे सारे पाहुणेच, घर कुत्र्यांचे. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात तर याची गमतीदार साक्ष मिळाली. उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बली स्टेडियमवर व्हायचा होता, पण त्या दिवशी शुक्रवार होता आणि तिथे शुक्रवार म्हणजे कुत्र्यांच्या शर्यती. वेम्बलीच्या मालकांनी त्या रद्द करायला साफ नकार दिला. तेव्हा विश्वचषकाचा सामना व्हाइट सिटीवर, म्हणजे कुत्र्यांच्याच दुसऱ्या मैदानावर हलवावा लागला.

तोवर उतरती कळा लागली होती. १९६१ पासून पैजांची दुकाने कायदेशीर झाली आणि मैदानावर जाण्याचे मुख्य कारणच उरले नाही. दूरचित्रवाणीने संध्याकाळही घरात आणली. इतक्या मोठ्या प्रेक्षागारात गर्दी विरळ होत गेली, उलट त्याखालच्या जमिनीची किंमत मात्र वाढतच राहिली. १९८४ ची डर्बी व्हिस्पर विशेसने जिंकली. ती इथली शेवटची. त्याच सप्टेंबरात शर्यती थांबल्या आणि १९८५ मध्ये स्टेडियम पाडले गेले. जागेवर बीबीसीच्या कचेऱ्या आल्या. १९०८ च्या अंतिम रेषेची खूण तिथे जमिनीत बसवली आहे. डर्बी विंबल्डनच्या कुत्र्यांच्या मैदानावर गेली. २०१७ मध्ये ते मैदानही बंद पडले आणि तिथे फुटबॉलचे स्टेडियम झाले.