तुला कुठलं गाव आवडेल?

मैत्रिणींनो, आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत आमच्या ह्यांनी मला पुष्कळ काही विचारलं. आमटीत मीठ घालायचं विसरलीस का, माझा निळा शर्ट कुठं आहे, विजेचं बिल भरलं का, एक ना दोन! पण गेल्या महिन्यात एका रात्री जेवणं आटोपल्यावर ह्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, "तुला कुठलं गाव आवडेल?" मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले.

हे बँकेत आहेत. बढतीबरोबर बदली ठरलेलीच. कागदावर तीन नावं होती : वडोदरा, कोलकाता, चेन्नई. पसंतीक्रम लिहून सोमवारी द्यायचा होता. तिन्ही शहरं मी पाहिलेली. कधी लग्नकार्याच्या निमित्तानं, कधी सुट्टीत, कधी ह्यांच्या कामाबरोबर. पण पाहुणी म्हणून चार दिवस राहणं वेगळं आणि तिथं रोजचं दूध, केरवाला, मुलीची शाळा, पाहुणेरावळे सांभाळणं वेगळं.

मी इथं सांगलीत एका शाळेत तासिका तत्त्वावर पाचवी ते सातवीला भूगोल शिकवते. मुलांना नकाशात शहरं भरायला लावते. ठिपका बरोबर जागी दिला आणि नाव लिहिलं की एक मार्क. तेच काम आता घरी करायची वेळ आली, तर माझं पेन हलेना.

आमच्या सासूबाईंनी सोपा मार्ग सुचवला. "त्याला जाऊ दे. तू पोरीला घेऊन इथंच राहा. महिन्याकाठी येईल की तो." तुमच्याही ओळखीत अशी घरं असतील. आमच्या गल्लीतच तीन आहेत. शिवाय इथं माझी शाळा आहे. अर्ध्या दिवसाचीच नोकरी, पगार सांगण्यासारखा नाही, पण ती माझी आहे. मराठी माध्यमाचा भूगोल शिकवणारी बाई चेन्नईत कुणाला हवी? वडोदऱ्यात तरी कुणाला हवी?

तर सोमवारपर्यंतचे ते चार दिवस मी पोळ्या लाटता लाटता सगळी शहरं पुन्हा एकदा फिरून आले. फारसं काही आठवेना, याचंच मला नवल वाटलं. २०१५ साली आम्ही यात्रा कंपनीबरोबर जयपूरला गेलो होतो. उतरा, बघा, फोटो काढा, चढा. हवामहालासमोर वाटाड्यानं सांगितलं की हा १७९९ साली सवाई प्रतापसिंहानं बांधला, राजघराण्यातल्या बायकांना कुणाच्या नजरेस न पडता रस्त्यावरची वर्दळ बघता यावी म्हणून. नऊशेत्रेपन्न खिडक्या! सगळ्या बायका हळहळल्या, "बिचाऱ्या!" आणि परत बसमध्ये चढून आपापल्या खिडकीशी जाऊन बसल्या. मीही त्यांतलीच. जयपूर मला आठवतं ते तेवढंच, काचेतून.

आणखी एक गोष्ट लिहू का? अशी उघड लिहायची नसते, पण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. परगावी निघालं की आपण पाणी कमी पितो. शहर कितीही मोठं असो, आधी मनात येतं ते 'सोय' कुठं असेल हेच. मुंबईत माझी मावशी आहे, त्यामुळं मुंबई मला थोडीफार कळते. तिथं बायकांनी यासाठी चळवळच केली, २०११च्या सुमारास. कारण पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घ्यायचे, असा प्रकार होता. पूर्वी मला या चळवळीचं हसू आलं होतं. आता येत नाही. ज्या शहरात बाईला तहान लागली असता निर्धास्त पाणी पिता येत नाही, त्याचं कौतुक मी तरी किती करू?

आता कागदावरची तीन नावं घेते.

कोलकात्याला आम्ही २०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. तिथली भुयारी रेल्वे देशातली पहिली, १९८४ची. ट्राम तर त्याहून कितीतरी जुनी. १८७३ साली सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढायचे. मी मुलीला मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसले, काय मजा वाटली! २०२४ साली तिथल्या सरकारनं एक मार्ग सोडून बाकीची ट्राम बंद करायचं जाहीर केलं, ते वाचून घरचं काही हरवल्यासारखं झालं. कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांचे ढीग, मातीच्या भांड्यातलं गोड दही, आणि बायकांच्या जागेवर पुरुष बसलाच तर त्याला मोठ्यानं उठवणाऱ्या बायका. हे सगळं आवडलं. माणसानं ओढायच्या रिक्षात मात्र मला बसवेना. आणि एक गोष्ट डोळ्यात खुपली. संध्याकाळी घरांच्या ओट्यांवर गप्पांचे अड्डे जमलेले, पण मी पाहिले त्या अड्ड्यांवर एकही बाई नव्हती. त्या वेळी त्या कुठं असतात हे तुम्हाला सांगायला नकोच.

वडोदऱ्याचं घरच्या सगळ्यांनी मनात पक्कं धरलं होतं. दांडिया बाजारात आपलं मराठी कानावर पडतं, माझी मामेबहीण तिथं आहे, सयाजीबागेत मुलांना खेळायला हवी तेवढी जागा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा! मी शिक्षिका, मला याचं कौतुक नसेल तर कुणाला असणार? २०२२च्या नवरात्रात मी बहिणीकडं होते. मध्यरात्र उलटल्यावर गरबा संपतो आणि चणियाचोळी घातलेल्या मुली स्कूटरवरून खुशाल घरी जातात. मी गच्चीवरून बघत राहिले होते. आमच्याकडं रात्री नऊला औषधाच्या दुकानात निघाले तर तिघं विचारतात, कुठं निघालीस?

पण तेच तर वडोदऱ्यातही झालं ना! एका दुपारी मी एकटी सूरसागर तळ्यावर जाऊन आले. घरी पोचायच्या आत बहिणीला तीन जणांनी कळवलं होतं, तुमची पाहुणी तळ्यावर एकटी उभी होती, काही झालंय का? सगळी प्रेमळ माणसं, त्यांना बोल कसा लावू? बदली होऊन गेले तर आठवड्याच्या आत मी कुणाची वहिनी, कुणाची मावशी, कुणाची सूनबाई होणार. घर बदलेल, जिल्हा बदलेल, राज्य बदलेल, आणि मी काही बदलायची नाही. सासूबाईंचा वडोदऱ्याला विरोध निराळ्याच कारणानं. विश्वामित्री नदीत मगरी आहेत आणि २०२४च्या पुरात त्या रस्त्यावर आल्या होत्या, हे त्यांनी बातम्यांत पाहिलंय!

राहिली चेन्नई. जानेवारी २०२४मध्ये ह्यांचं तिथं चार दिवसांचं प्रशिक्षण होतं. मुलीला आईंजवळ ठेवून मी बरोबर गेले. मैलापूरला अतिथीगृहात उतरलो. पहिला दिवस मी खोलीत बसून काढला. भाषा येत नाही, ओळख नाही, बाहेर जाऊन करणार काय? दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीतून पाहिलं, तर समोरची बाई दारापुढं पाणी शिंपडून केवढी तरी मोठी रांगोळी काढत होती. तिथले मार्गळी महिन्याचे दिवस होते ते. मला राहवेना. खाली जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं आणि पिठीचा डबा माझ्यापुढं केला. मी एक कोपरा ठिपक्यांनी भरला, जरा वाकडाच.

मग कपालीश्वराच्या देवळापाशी गेले. तिथं गजरे हातानं मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळम'. विकणारी बाई होती ठेंगणी, म्हणजे गजराही तोकडाच की! मी माझा लांब हात पुढं करून दाखवला, तशी ती खदाखदा हसली आणि वीतभर जास्त दिलं. "अक्का" म्हणाली मला. अहो, आमच्याकडंही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात!

तिथं २०२१च्या मे महिन्यापासून साध्या शहरी बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत. आपल्याकडं एसटीला अर्धं तिकीट झालं ते २०२३च्या मार्चमध्ये. आता पैसे वाचले याचं अप्रूप कुणाला नाही? पण खरी गंमत वेगळीच. पर्समधून पैसे काढायचे नाहीत, म्हणजे हिशेब द्यायचा नाही. मी बसमध्ये चढले, कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवलं, आणि बस भलतीकडंच निघाली! मरीना एकीकडं आणि मी चालले तिरुवान्मियुरकडं. मी घाबरून शेजारणीला विचारलं. तिला हिंदी येईना, मला तमिळ. तोवर चार बायका गोळा झाल्या, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीनं मला हाताला धरून उतरवलं, रस्ता ओलांडून दिला, परतीच्या बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला काहीतरी बजावलं. पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते.

हे दारातच उभे. "कुणाबरोबर गेली होतीस?"

"कुणाबरोबरच नाही," मी म्हटलं. आणि खरं सांगते, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच बोलत होते.

चेन्नईत दोष नाहीत असं थोडंच आहे? घाम असा की जानेवारीतही पदर ओला. मे महिन्यात काय होईल, देव जाणे. आणि पाणी! २०१९च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारे मोठे तलाव कोरडे पडले होते, लोक घागरी घेऊन टँकरपुढं रांगा लावत होते. हे मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण काय करत होतो?" खरंच की! आमच्या सांगलीत कृष्णा घरात शिरली होती आणि आम्ही माळ्यावर बसून प्यायचं पाणी पेल्यानं मोजत होतो. मग पाण्याच्या नावानं मी कुठल्या शहराला नापास करू?

राहता राहिली माझी शाळा. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही. लिहिताना त्या ओळीशी आले की पेन अडतं, म्हणून तिथं थांबत नाही. आमच्या लेकीनं मात्र आत्ताच मोबाईलवर तमिळ मुळाक्षरं गिरवायला घेतली आहेत आणि मला म्हणते, "आई, तू माझ्या मागं राहशील हं!"

रविवारी रात्री मी कागदावर चेन्नईपुढं एक आकडा घातला, वडोदऱ्यापुढं दोन, कोलकात्यापुढं तीन. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नक्की?" एवढंच विचारलं, आणि सही केली.

सासूबाई आतून ऐकत होत्याच. बाहेर येऊन म्हणाल्या, "तिथल्या पाण्यात तूरडाळ शिजते का?"

मी म्हटलं, "अहो आई, सकाळ-संध्याकाळ सांबार खाणारी माणसं ती! शिजत असल्याशिवाय का?"

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर स्वयंपाकघरात धणे निवडून परातीत पसरलेले. या वेळी गोडा मसाला जरा जास्त करायला घेतलाय, म्हणाल्या, आणि डब्याला घट्ट झाकण कुठलं बसेल ते शोधायला लागल्या.