मातीचा किल्ला

साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलास दिवाळीच्या सुटीत मातीचा किल्ला रचणे शिकवावे लागत नाही. माथ्यावर शिवाजी महाराज, उतारावर हळिवाचे रान, आणि किल्लेदार आपण! महाराजांनी खरा गड १६७३ साली घेतला. आम्ही तो दरवर्षी घेत असू. पुढे सांगलीच्या सपाट भूमीवर आलो, तरी हा नाद सुटला नाही. “मास्तर, या वयात हे लटके कशाला?” असे लोक पुसतात. परंतु लटके म्हणजे खोटे नव्हे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गवत, बैल व गाढव आणून बेथलेहेम उभे केले, ते कोणास फसविण्यासाठी नव्हे. ख्रिस्तजन्म पाहणाऱ्यांच्या हृदयास भिडावा म्हणून. दिवाळी सरली की आम्ही किल्ल्याच्याच मातीची नाताळची गव्हाणी करतो. बालमित्रहो, मोठे झाल्यावरही मातीत हात घालण्यास लाजू नका.