एका भाकरीची पंगत

पैठणच्या नाथषष्ठीची सांगता काल्याने होते. तो सोहळा पाहिलेल्या माणसाला ख्रिस्ती उपासनेतलं प्रभुभोजन समजावून सांगणं मला सोपं जातं. देवाच्या नावाने वाटलेला घास एकमेकांच्या हातून घेतला की माणसामाणसांतलं अंतर मिटावं, ही ओढ आमच्या मराठवाड्याला नवी नाही. श्राद्धाचं अन्न गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढणाऱ्या एकनाथांची कथा इथे घरोघरी ठाऊक आहे.

मी पाळक आहे आणि उपासनाशास्त्र शिकवतो. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: भाकर आणि द्राक्षरस यांत ख्रिस्त नेमका कसा असतो? याच प्रश्नावर 1529 साली मारबुर्गला धर्मसुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचं एकमत झालं नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमधल्या मिस्साला जाणारे कॅथलिक भाविक आणि छावणीतल्या ख्राइस्ट चर्चमध्ये प्रभुभोजन घेणारे विश्वासी याचं उत्तर वेगवेगळ्या शब्दांत देतील. प्रश्न मोलाचा आहे, पण त्याआधी प्रेषित पौलाने उभा केलेला एक प्रश्न आहे: पंगतीत शेजारी बसलेल्याला आपण ओळखतो का?

येशूच्या शेवटच्या भोजनाचं सर्वांत जुनं लिखित वर्णन इ.स. 55 च्या सुमारास पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सापडतं. ते लिहायला कारण झाली एक पंगत. करिंथचे सुखवस्तू विश्वासी आधी येऊन पोटभर जेवत, कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने स्पष्ट सुनावलं की याला प्रभूचं भोजन म्हणता येणार नाही. मग त्याने त्या रात्रीची आठवण दिली आणि बजावलं, की प्रभूचं शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दोष ओढवून घेतो. भाकर एक, म्हणून आपण अनेक असूनही एक शरीर आहोत, हे त्याने त्याच पत्रात आधी सांगितलं होतं. तेव्हा शेजारी उपाशी बसलेल्या भावाला न ओळखणं म्हणजे ख्रिस्ताच्या शरीरालाच न ओळखणं.

मराठवाड्यातले आरंभीचे ख्रिस्ती बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आले. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांच्या ओठांना सर्वांसोबत एकच प्याला लागणं, हा त्यांच्यासाठी मुक्तीचा प्रत्यक्ष अनुभव असणार. दुसऱ्या बाजूने, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास पाहावा. कोणाच्याही हातचं पाणी पिण्यापर्यंत पोहोचताना मनाची किती उलथापालथ झाली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे नोंदवलं आहे.

मात्र चर्चमध्ये आलं म्हणून जात आपोआप गेली नाही. दक्षिणेतल्या मंडळ्यांत लोक जातीनुसार वेगळे बसत आणि प्रभूच्या मेजाजवळही वेगळे येत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ते बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली, पण जात सोडली नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 साली दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमधला भेदभाव उघडपणे मान्य केला. प्रभूच्या मेजापाशी असा कबुलीजबाब द्यावाच लागतो.

म्हणूनच उपासनेचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, ती मोडली आणि दिली. या चार कृतींवर प्रभुभोजनाचा विधी उभा आहे. 1950 साली दक्षिण भारतीय चर्चने प्रथम वापरलेल्या उपासनाविधीत भाकर मोडण्याआधी ख्रिस्ताची शांती हातोहात साऱ्या मंडळीपर्यंत पोहोचवली जाते. ही रीत सिरियन ख्रिस्ती परंपरेतून घेतलेली. आधी शेजाऱ्याचा हात हाती घ्यायचा, मग तोच हात भाकरीसाठी पुढे करायचा. इ.स. 150 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे, की उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे त्यांचा वाटा पोहोचवला जाई आणि जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी खर्च होई. पंगत मेजापाशी संपत नसे.

रोगराईच्या काळजीने अनेक मंडळ्यांत आता प्रत्येकाला लहान प्याला देतात. त्याला माझा विरोध नाही. पण आधीच कापून ठेवलेले तुकडे ताटात दिसतात, तेव्हा मी आग्रहाने सांगतो: एक अख्खी भाकर मेजावर ठेवा आणि ती सर्वांसमोर मोडा. आपला घास कोणाच्या घासापासून वेगळा झाला, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

प्रभुभोजनात ख्रिस्त मला भेटतो, अशी माझी श्रद्धा आहे. तो एकटा कधीच येत नाही. ज्यांच्यासाठी त्याने प्राण दिला त्या सर्वांना घेऊन येतो. त्यामुळे रविवारी एका भाकरीतून खाणाऱ्याने सोमवारी मुलाच्या स्थळासाठी जुनी जात विचारली, तर त्याने भाकर खाल्ली असेल, प्रभुभोजन घेतलं नाही. दृढीकरणाच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, आणि मेजामागे उभा राहताना आधी स्वतःला.