इतवारी ते वर्धमाननगर : एका मोठ्या घराचा शोध

इतवारीतील आमचे जुने घर म्हणजे खाली दुकान आणि वर संसार. किराणा ओळीतील गलबला, मस्कासाथकडून येणाऱ्या धान्याच्या गाड्या आणि पहाटेचा मंदिरातील घंटानाद यांतच आम्हा तिघा भावांचे बालपण सरले. पुढे नातवंडे धरून घरात १३ माणसे झाली, आईला जिना झेपेनासा झाला आणि गल्लीत मोटार ठेवण्यास जागा उरली नाही. तेव्हा उपनगरात सर्वांना सामावून घेणारे घर घ्यावे असे ठरले. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात माझी हयात गेली असल्याने शोधाचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

प्रथम आम्ही दक्षिणेकडील बेसा भागात गेलो. मोकळी हवा, रुंद अंगण, सहा खोल्या आणि किंमतही आवाक्यातली. पुतणे हरखून गेले. कागद मागितले तेव्हा सातबारा पुढे आला; परंतु अकृषक परवानगी नव्हती. ज्या नियमितीकरण पत्राला नागपुरात सारे ‘आर.एल.’ म्हणतात, ते ‘लवकरच येईल’ असे सांगण्यात आले. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, हे खरे. पण अर्ज केला म्हणजे पत्र हाती आले असे नव्हे.

परतताना आईने एवढेच विचारले, “इथून मंदिर किती लांब?” गाडीत कोणीच बोलेना. धाकट्याचा चोविहार आहे. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. इतवारीतून दहा-बारा किलोमीटर अंतर कापून त्याने जेवायला यावे कधी आणि पुन्हा दुकानात जावे कधी? घर मोठे झाले असते, पण पंगत मोडली असती.

मग सेंट्रल अॅव्हेन्यूने पूर्वेकडे वळलो. इतवारीतील व्यापारी कुटुंबे वर्षानुवर्षे याच वाटेने वर्धमाननगरात येऊन स्थिरावली आहेत. ११ डिसेंबर २०२२ पासून सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रोही याच बाजूने धावते. येथे मिळालेले घर बेशाच्या घराहून लहान आणि महाग होते. मात्र तळमजल्यावर आईची खोली, सर्वांना एकत्र बसता येईल असे जेवणघर, पायी जाता येईल इतके जवळ जिनालय आणि दुकान जेमतेम पंधरा मिनिटांवर.

कागद येथेही तपासलेच. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाचे अनेक भूखंड भाडेपट्ट्याचे असतात. अशा वेळी पट्ट्याची मुदत, भूभाड्याची थकबाकी आणि हस्तांतरणाची परवानगी पाहावी. मंजूर नकाशा प्रत्यक्ष बांधकामाशी ताडावा, ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. व्यवहार ५० लाखांचा किंवा अधिक असल्यास खरेदीदारानेच १ टक्का आयकर कापून भरायचा असतो, हेही विसरू नये.

खरा पेच पुढे आला. मोठी रक्कम धाकट्याच्या पेढीतून येणार होती. खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावे करावे, असे त्याला वाटे. मी तिघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा खतात लिहिण्याचा, तसेच ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पैसे देण्याचा आग्रह धरला. पैसा सर्वांचा आणि नाव एकाचे, अशी घरे पुढच्या पिढीत न्यायालयात गेलेली मी नोकरीत पाहिली होती. “दादा, माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणून तो उठून गेला. दोन दिवस अबोला होता.

तिसऱ्या दिवशी आईने त्याला जवळ बसविले. “दुकानात रोज वही लिहितोस, ती काय गिऱ्हाइकावर अविश्वास म्हणून?” तो हसला. खतावर तिघांची नावे लागली. त्याचा हिस्सा सर्वांत मोठा, माझा सर्वांत लहान.

आता आई सकाळी कोणाची वाट न पाहता काठी टेकीत मंदिरात जाते. दुकान इतवारीतच आहे आणि डिसेंबरातही धाकटा पाचला घरी येऊन सर्वांसोबत ताटावर बसतो.