दादर : इंग्रजीच्या मास्तरांना मोल कुठे?

मंडळी, दादर म्हटले की आपल्या शेतकऱ्याला आधी फुलबाजार आठवतो. दसरा-दिवाळीला झेंडूच्या गोण्या भरून गाड्या निघतात त्या इथेच यायला. पण दादरला फुलांखेरीज आणखी एक पेठ आहे, ती विद्येची. घरात कुणी मुलगा-मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झाली असेल, तर ही पेठ एकदा हिंडून पाहाच.

गाडीतून उतरताना फलाटाचा आकडा नीट बघा. इथे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे एकत्र येतात. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असे आणि नवखा माणूस हटकून चुके. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या फलाटांना सलग क्रमांक दिले, तेव्हा तो घोळ मिटला.

पूर्वेला बाहेर पडलात की हिंदू कॉलनी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांनी माणसे मेली. मग १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांची, मोकळ्या हवेची वसाहत आखली. याच भागात राजा शिवाजी विद्यालय आहे. जुनी माणसे त्याला अजून किंग जॉर्ज म्हणतात. पूल ओलांडून पश्चिमेला या : छबिलदास शाळा, पुढे शिवाजी पार्कजवळ १९४० साली सुरू झालेले बालमोहन विद्यामंदिर. वाटेत पुस्तकांची दुकाने आणि जिन्याजिन्यावर क्लासच्या पाट्या. त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर इंग्रजी बोलायला शिकवण्याची हमी असते.

आता तुमच्या मुलीने इथे इंग्रजी शिकवायचे म्हटले, तर वाटा कोणत्या?

पहिली वाट अनुदानित शाळेची. पहिली ते आठवीसाठी टीईटी परीक्षा लागते. भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ साली मानधन वाढवले ते असे : प्राथमिकला महिना १६,००० रुपये, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्यात मुंबईची खोली, खाणावळ आणि रेल्वेचा पास भागवायचा म्हणजे ओढाताणच. पण तीन वर्षे निभावली की वेतनश्रेणी मिळते, हा मोठा आधार. दुसरी वाट विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेची. पगार संस्था ठरवील तो, म्हणून नेमणुकीचे पत्र वाचल्याशिवाय हो म्हणू नये. तिसरी वाट क्लासची. परीक्षा जवळ आल्या की काम भरपूर, सुट्टीत हात रिकामे. कोरडवाहू शेतीसारखेच म्हणा ना!

चौथी वाट लांबची, परदेशाची. तिच्याच मोहाने घरचे सोने गहाण पडते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

परक्या मुलखात इंग्रजीच्या मास्तराची पदवी पाहतात, तसा पासपोर्टही पाहतात. दक्षिण कोरियाचेच घ्या. इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा ते मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या लोकांना देतात. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या व्यापारी करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून दार किलकिले झाले. पण पदवीबरोबर अध्यापनाची अधिकृत पात्रता हवी. आखाती देशांतली गोष्ट निराळी. तिथे आपल्या लोकांची मुले सीबीएसईच्या शाळांत शिकतात, तेव्हा भारतीय बी.एड.ला किंमत आहे. मात्र पदवीची कागदपत्रे आधी इथल्या सरकारकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात.

याचा राग मानू नका, कारण आपलाही देश तेच करतो. परदेशी माणसाला इथे नोकरी करायची तर २०१७ साली सरकारने वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट घातली. परकी भाषा शिकवणाऱ्याला त्या अटीतून सूट आहे. पण इंग्रजी शिकवणाऱ्याला नाही! उद्या एखादी इंग्रज बाई दादरच्या क्लासात शिकवायला आली, तर तिलाही हीच अट आडवी येईल. इंग्रजी शिकवणारे आपल्याकडे आहेत, मग बाहेरून कशाला, असा तो हिशेब.

आता दलालाविषयी. १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच घेता येते आणि पावती द्यावी लागते. कुणी दोन-तीन लाख मागितले, किंवा ‘आधी फिरायच्या व्हिसावर जा, नोकरीचे तिथे बघू’ म्हटले, तर तिथूनच उठून यावे. अशा वाटेवर विकलेला जमिनीचा तुकडा परत येत नाही.

हिंदू कॉलनीत गेलात तर ‘राजगृह’ बाहेरून तरी पाहून या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे घर, ग्रंथांसाठी बांधलेले. लंडनचे शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले होते. तेव्हा १९१८ ते १९२० या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत घेतली आणि मग पुन्हा लंडन गाठले. नोकरी त्यांना पुढच्या वाटेची शिदोरी झाली.

तुमच्या लेकीलाही हेच सांगा. आधी दोन-तीन वर्षे इथे वर्गात उभी राहा, अनुभवाचा दाखला मिळव, थोडी गाठ बांध. मग परदेशाचे पत्र आले, तर पगार, राहणे, परतीचे तिकीट आणि करार किती वर्षांचा, या चार गोष्टी कागदावर मांडून घरात सगळ्यांनी मिळून वाचा. आकडे जुळले तर खुशाल पाठवा. नाही जुळले तर दादरची गाडी रोज आहेच.